तरवडाची अळी आणि आपटेसाहेबांचं लेबल

सरकारी कचेरीत दोन गोष्टी कुणी न सांगता साठत जातात. एक फायली, दुसरे किस्से. आमच्या कचेरीतल्या फायली पुढं वाळवीनं खाल्ल्या, आणि कचेरी किडींचीच असल्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करणार! किस्से मात्र शाबूत राहिले. चार जुनी माणसं बसली, चहा आला, की एक निघतो आणि त्याची शेपटी धरून दुसरा. बायको म्हणते, "तुम्ही नोकरी कधी केलीत हो? सगळी वर्षं किस्सेच गोळा केलेले दिसतात!" मी वाद घालत नाही. ती लग्नाच्या दिवसापासून ते ऐकत आली आहे.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. जिल्हा कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव. जुन्या फायली उर्दूत, नव्या इंग्रजीत आणि आम्ही बोलणार मराठीत. त्यामुळं कोणतीही फाईल समजून केल्याचा आरोप आमच्यावर कुणी करू शकत नव्हतं.

गावाबाहेर भाड्याच्या तीन खोल्या होत्या. दारावर 'कीटक संशोधन उपकेंद्र' अशी पाटी. लोक म्हणायचे, किड्यांची कचेरी. आत आम्ही चौघं. पुण्याहून आलेले आपटेसाहेब. मुरुमचे बिराजदार, हे फील्डमन. आकडे कानडीत मोजायचे आणि शिव्या मराठीत द्यायचे. गफूरचाचा शिपाई, म्हणजे जुन्या राजवटीतला चालू स्थितीत उरलेला एकमेव माल. आणि मी, लॅब असिस्टंट, तुळजापूरच्या पुजाऱ्याचा मुलगा.

आमचं काम ऐकून हसू नका. काही बारीक पतंग झुडपाच्या पानावर अंडी घालतात. त्यातून निघालेली अळी पानाच्या दोन सालींमध्ये शिरते आणि आतला हिरवा गर खात वेडीवाकडी पुढं सरकते. बाहेरून पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसते. म्हणून तिला नागअळी म्हणतात. रेघ बघून अळी कोणाची ते नक्की सांगता येत नाही. ती पाळावी लागते. तिचा कोष व्हावा लागतो, कोषातून पतंग निघावा लागतो, मग कळतं. आणि इतकं करून पतंग निघणार केवढा? तांदळाच्या कणीएवढा! त्यासाठी सरकारनं चार माणसं ठेवली होती.

*

या नोकरीचा पहिला फायदा मला लग्नाच्या बाजारात झाला.

जिल्ह्यातल्याच वाशीहून एक स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील व्यापारी, बोलायला गोड. "सरकारी नोकरी" म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "शेतकी खातं" म्हटल्यावरही उजळलेलाच राहिला.

"म्हणजे नेमकं काम काय असतं?"

"झुडपांच्या पानांतल्या अळ्या गोळा करतो. त्या पाळतो."

त्यांनी माझ्या वडिलांकडं पाहिलं. वडील म्हणाले, "आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या देवीची सेवा आहे. यानं जरा खालच्या पायरीपासून सुरुवात केलीय."

पाहुण्यांनी चहा संपवला. जरा विचार केला. "बरं, पाळता. खाऊपिऊ घालता. पण मोठ्या झाल्या म्हणजे?"

खोटं बोलायची सवय तेव्हा नव्हती. "मारतो आणि टाचणीला लावतो."

"आमची मुलगी अजून लहान आहे," असं म्हणून ते उठले. दुसऱ्या कपाचा चहा उकळत होता, तो मी प्यालो!

*

आता तरवडाचं प्रकरण. आमचे बहुतेक किस्से याच एका झुडपाला लोंबकळलेले आहेत.

खात्याचे वरचे साहेब एकदा जीपनं या भागातून चालले होते. येरमाळ्याजवळ जीप पंक्चर झाली. साहेब सावलीत बसले. वाचायला पेपर नव्हता, म्हणून शेजारच्या तरवडाचं पान हातात घेतलं. त्यावर पांढरी रेघ! त्या वर्षी जिल्ह्यात भुईमुगावर पान पोखरणारी अळी फार झाली होती. साहेबांनी भुईमूग आठवला, तरवड पाहिला, आणि पंक्चर निघायच्या आत शोध पुरा केला: उन्हाळ्यात भुईमूग नसतो तेव्हा ही अळी तरवडावर मुक्काम करते आणि पाऊस पडला की शेतात उतरते. उपाय? मृगाच्या आधी दोन तालुक्यांतला तरवड झाडून सगळा तोडा आणि जाळा!

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण निदान संन्याशाची चौकशी करावी म्हणून पत्र आमच्याकडं आलं. तरवडावरची अळी आणि भुईमुगावरची अळी वेगळ्या आहेत असं उपकेंद्राला वाटत असल्यास पतंगाच्या नमुन्यासह सिद्ध करावं. नमुना नसल्यास तोड सुरू.

ही बातमी आमच्या टेबलावरून आपटेसाहेबांच्या डोक्यात जायच्या आधी येरमाळ्यात पोहोचली. तिसऱ्या दिवशी एक बाई कचेरीच्या ओट्यावर येऊन डोक्यावरचा सालींचा भारा धाडकन टाकती झाली. हीच सोनाबाई. म्हणीतल्या सोनूबाईच्या हाती कथलाचा वाळा असतो, हिच्या हाती कोयता होता. नवरा सोलापूरला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला होता. ही डोंगरातल्या तरवडाची साल सोलायची, वाळवायची आणि चामडं कमावणाऱ्यांना विकायची. सालीशिवाय कातडं पिकत नाही आणि साल विकल्याशिवाय तिची चूल पेटत नव्हती. घरात म्हातारी सासू, दोन पोरी. दुसरं उत्पन्न नाही.

"तरवड तोडणारं सायेब कोण हाय?"

आपटेसाहेब म्हणाले, "बाई, तोडणारे ते वर आहेत. आम्ही फक्त किडा तपासणार."

"तपासा की. पर तरवड गेला तर म्या काय सोलू? तुमची कचेरी?"

बिराजदार हळूच म्हणाले, "यप्पा! हिला भिंतीचा चुना दाखवू नका, खरंच सोलून नेईल." मी हसलो. साहेब हसले नाहीत. सोनाबाई तर मुळीच नाही.

त्या दिवसापासून ती दर बाजाराच्या दिवशी यायची, ओट्यावर टेकायची आणि एकच विचारायची: "निघालं का पाखरू?"

*

आपटेसाहेब माणूस सज्जन, पण लेबलाचे वेडे.

"नमुना हरवला तर दुसरा मिळेल," ते म्हणायचे, "पण ज्या नमुन्याला लेबल नाही तो नमुनाच नव्हे. तो कचरा!" गाव, तारीख, झुडूप, पान वरचं की खालचं, गोळा करणाऱ्याचं नाव, हवा ढगाळ की निरभ्र. बरणीत अळी एक, ती रव्याच्या दाण्याएवढी आणि बाहेरचं लेबल लग्नपत्रिकेएवढं!

लेबलं चिकटवायला खात्याकडून डिंक यायचा, म्हणजे यायचा होता. तोवर गफूरचाचा घरून गव्हाच्या पिठाची खळ करून आणायचे. खळ उत्तम. इतकी उत्तम की आठ दिवसांत मुंग्यांची रांग लागली. त्यांनी आधी लेबलं खाल्ली, मग बरणीच्या तोंडाचं फडकं कुरतडलं आणि मग आत उतरून अळ्या नेल्या.

साहेबांनी लिहायला पाहणीची वही उघडली आणि विचारलं, "कीड ओळखली का?"

बिराजदार म्हणाले, "व्हय साहेब. मुंगी."

*

मुंग्यांचा बंदोबस्त झाला. बरण्यांच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवले. मग नवीन अडचण. तोडलेलं पान दोन दिवसांत वाळायचं आणि आतली अळीही वाळायची. म्हणून ओला टीपकागद घातला, तर बुरशी आली. टीपकागद काढला, तर पुन्हा वाळली. अळी जगवण्यापेक्षा बदली रद्द करून घेणं सोपं, असं माझं मत तेव्हा झालं, आणि मी बदलीही कधी रद्द करून घेऊ शकलो नाही.

या सगळ्यात दर शनिवारी वर अहवाल जायचा. तो मी लिहायचो. 'प्रगती समाधानकारक.' अळ्या मेल्या तरी समाधानकारक, बुरशी आली तरी समाधानकारक. एका शनिवारी साहेब गावाला गेले होते आणि एकही अळी जिवंत नव्हती. मी सवयीनं 'प्रगती समाधानकारक' लिहिलं. वरून उत्तर आलं: 'याच गतीने चालू ठेवावे.'

शेवटी एका बरणीत एक कोष झाला. आम्ही चौघं त्याच्याभोवती बारशाला जमावं तसे जमलो. साहेबांनी नवा पांढरा सदरा घातला होता. कोष हलला. फुटला. आतून काहीतरी काळं, चिवट, लांब शिंगांचं बाहेर आलं. पतंग नव्हता! बारीक गांधीलमाशीच्या जातीतली माशी होती. ती अळीच्या अंगात अंडं घालते. तिचं पिल्लू अळीला आतून खातं आणि अळीच्याच घरातून बाहेर पडतं.

साहेब खुर्चीत बसले. बिराजदार म्हणाले, "मालक मेला साहेब. भाडेकरू निघाला."

बाहेर ओट्यावरून आवाज आला, "निघालं का पाखरू?" गफूरचाचांनी हळूच दार लोटून घेतलं.

*

यानंतरचा किस्सा सांगताना मला अजून साहेबांची दया येते. पण सांगतो.

हळूहळू हात बसला. तरवड, बोर, घाणेरी आणि विहिरीच्या पाण्यावरचा उन्हाळी भुईमूग, या चारही झाडांवरच्या अळ्या कोषापर्यंत पोहोचल्या. पानाला बुरशी येते म्हणून साहेबांनी कोष पानातून काढून औषधाच्या लहान बाटल्यांत ठेवले. मुंग्यांचा धसका घेतलेला, त्यामुळं बाटलीला खळ लावायची नाही असा हुकूम. लेबलं बाटलीवर नकोत, फळीच्या कडेवर बारीक खिळे ठोकून लावायची. ज्या बाटलीसमोर जे लेबल ते तिचं. मला तेव्हाच विचारावंसं वाटलं होतं की बाटली हलली तर? पण साहेबांना प्रश्न विचारण्याची पद्धत आमच्याकडं नव्हती.

होळीच्या सुमारास वरच्या साहेबांची तपासणी ठरली. आदल्या दिवशी आम्ही तिघं वाशीला भुईमूग बघायला गेलो. मागं गफूरचाचा एकटे. त्यांची तपासणीची कल्पना जुन्या जमान्यातली. तपासणी म्हणजे हत्यारं चकाचक आणि जवान उंचीनं उभे! चाचांनी फळी पुसली, बाटल्या पुसल्या आणि सगळ्या बाटल्या उंचीप्रमाणं लावल्या. डावीकडं लहान, उजवीकडं मोठी.

आम्ही परत आलो. साहेब फळीपाशी गेले आणि तसेच उभे राहिले.

"चाचा... हे काय केलंत?"

"सफाई, साब."

"अहो पण कुठली बाटली कुठं होती?"

"मेरेकू क्या मालूम, साब? लेबलां तो अपनी जगा पेच हैं! एक बी नै हिलाया!"

खरोखर एकही लेबल हललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी फळी पाहिली आणि शेरा दिला, 'मांडणी उत्तम.' चाचांनी तो शेरा माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

आणि त्यानंतर, तीन महिने ज्यांची वाट पाहिली ते पतंग एका आठवड्यात झाडून सगळे बाहेर पडले. काहींचे पंख साधे राखाडी. ते भुईमुगाचे असणार, कारण पुण्याहून आलेला टाचणीवरचा नमुना तसाच होता. बाकीच्यांच्या पंखांवर चांदीसारखी आडवी रेघ. ते बोरीचे, की घाणेरीचे, की तरवडाचे? आणि राखाडी सगळे भुईमुगाचेच, की त्यातही एखादा तरवडाचा? उत्तर आमच्या टेबलावर उडत होतं आणि आम्हाला वाचता येत नव्हतं!

बिराजदारांनी व्यवहारी सल्ला दिला. "साहेब, चांदीचा एक घ्या, तरवड लिहा आणि पाठवून द्या. कोण बघतंय?"

आपटेसाहेब म्हणाले, "मी बघतोय."

एवढंच. मग त्यांनी सगळे पतंग खिडकीतून सोडून दिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आम्ही तिघांनी मिळून इतकी वर्षं त्यांची थट्टा केली, पण त्या दिवशी कुणाला करावीशी वाटली नाही.

*

बाजाराच्या दिवशी सोनाबाई आली. या वेळी ओट्यावर न बसता सरळ आत. बाटल्या, बरण्या, पाण्याच्या वाट्या, सगळं तिनं कमरेवर हात ठेवून बघितलं.

"सायेब, पान तोडून आणताव?"

"हो."

"मंग ते जगल कसं? अंगावर पिणारं लेकरू, अन् आईलाच घराबाहीर काढायची व्हय?"

साहेब चकित झाले. "मग काय करावं म्हणता?"

"रानात जित्या फांदीलाच चिंधी बांधावी. पान हिरवं ऱ्हातंय, मुंगी शिरत न्हाय. पाखरू निघालं तर चिंधीतच घावतंय. येवढ्याला कचेरी कशाला लागतीय?"

आता गंमत बघा. हीच पद्धत साहेबांच्या जाड इंग्रजी पुस्तकात होती. जिवंत फांदीला कापडाची पिशवी बांधावी, असं स्पष्ट लिहिलेलं. साहेबांनी त्यासाठी वर मलमलीचं कापड मागितलं होतं. उत्तर आलं होतं: 'कापडाची तरतूद नाही. तूर्त कापडाशिवाय पद्धत अवलंबावी.' कापडाशिवाय पिशवी बांधायची कशी हे आम्ही विचारलं नाही, कारण त्याचंही उत्तर आलं असतं.

सोनाबाई निघताना म्हणाली, "चिंधी माझ्याकडं हाय. तुमी मृगापस्तोर थांबा म्हंजे झालं."

*

मृग जवळ आला. वर्षभर आम्ही एका चांगल्या भिंगासाठी पत्रं लिहीत होतो. भिंग आलं नाही. कुऱ्हाडी आल्या! दोन पोती भरून, नव्या कोऱ्या, दांड्यांसकट, आणि ठेवायला जागा नाही म्हणून आमच्याच कचेरीत. कोषांच्या फळीखाली कुऱ्हाडींची पोती. बिराजदार म्हणाले, "साहेब, यांना पण लेबल लावू का? झुडूप: तरवड. हवा: ढगाळ."

कागद तयार होता. सोमवारी तोड सुरू. साहेबांनी फक्त सही करायची होती की विरुद्ध पुरावा नाही. शनिवारी सकाळपासून तो कागद त्यांच्यासमोर होता. दर तासाला ते टाक उचलायचे, दौतीत बुडवायचे आणि टाक वाळेपर्यंत खिडकीबाहेर बघायचे. मी मनात म्हणत होतो, करा सही आणि सोडवा एकदाचं. आणि दुसऱ्या मनात म्हणत होतो, देवी करो आणि शाई संपो.

दुपारी येरमाळ्याच्या एसटीतून सोनाबाई उतरली. डोक्यावर भारा नव्हता. दोन्ही हातांत, देव धरावा तशी, तरवडाची एक फांदी. पिवळी फुलं, हिरवी पानं आणि मध्ये जुन्या लुगड्याची चिंधी दोन्हीकडून सुतळीनं आवळलेली. कंडक्टर म्हणे तिला बसायला सांगत होता. पाखराला धक्का लागेल म्हणून ती अख्खा रस्ता उभी.

"निघालं," ती म्हणाली. पहिल्यांदाच प्रश्न नव्हता.

साहेबांनी दारं-खिडक्या लावायला लावल्या. सुतळी सोडली. चिंधी उलगडताना त्यांच्या बोटाला काहीतरी टोचलं. "आई गं! काटा आहे यात."

"रानातनं आलीय न्हवं," सोनाबाई म्हणाली. "रान म्हटल्यावर काटं असायचंच."

आत पतंग होता. जिवंत! साहेबांनी त्याला बाटलीत घेतला आणि जुन्या तडा गेलेल्या भिंगातून बघायला लागले. आम्ही भोवती उभे. चाचांनी टोपी काढून हातात घेतली होती. सोनाबाई भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होती. तेव्हा मला कळलं की आमच्यासाठी तो किस्सा होता आणि तिच्यासाठी घर.

"चांदीची रेघ," साहेब म्हणाले. "वेगळा आहे. भुईमुगाचा नाही. वेगळा आहे हो!"

सोनाबाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. बिराजदारांनी कानडीत देवाचं नाव घेतलं. चाचा म्हणाले, "मुबारक हो, बाई!" आणि स्वतःच्या पैशानं चहा सांगितला. असं त्यांच्या नोकरीत आधी घडलं नव्हतं, नंतरही नाही.

साहेबांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं लेबल लिहिलं. गाव येरमाळा. झुडूप तरवड. गोळा करणार सोनाबाई. हवा निरभ्र. इतकं सुरेख अक्षर मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. नमुना गेला, अहवाल गेला. सहीचा कागद तसाच राहिला, म्हणून सोमवारी तोड सुरू झाली नाही. वरून महिनाभरानं उत्तर आलं की तोड रद्द, कुऱ्हाडी परत पाठवाव्या. पाठवल्या. त्यातली एक कमी भरली. गफूरचाचांच्या घरी पुढं कितीतरी वर्षं जळण फार व्यवस्थित फोडलेलं असायचं, सगळ्या ढलप्या एका उंचीच्या!

*

आणि हा शेवटचा.

उपकेंद्र बंद झालं. आपटेसाहेब रिटायर होऊन पुण्याला गेले. दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. त्यात पाऊसपाणी, तब्येत आणि शेवटी एक ओळ ठरलेली: 'माझ्या सबंध नोकरीत एक नमुना मनासारखा झाला, तो येरमाळ्याचा.'

काही वर्षांनी मी चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्याला गेलो. तिथं दुसऱ्या दिवशी रानात पालखी जाते आणि सगळी माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. मीही वेचत होतो. शेजारी एक बाई वेचत होती. केस पिकलेले, हात तेच. सोनाबाई! सासू गेली होती, दोन्ही पोरी चांगल्या घरी पडल्या होत्या. साल अजून सोलत होती. मी तिला साहेबांच्या पत्रातली ओळ सांगितली. तिचे डोळे भरून आले.

"लई देवमाणूस," ती म्हणाली. "सुखी ऱ्हावं."

आजूबाजूला सगळा डोंगर तरवडानं पिवळा झालेला. मी एक फांदी वाकवली. पानांवर पांढऱ्या रेघा होत्या. सवयीनं फांदीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. गुळगुळीत. मग माझं लक्ष बांधाकडं गेलं. तिथं बोरीचं झुडूप होतं, आणि त्याच्या एका काटेरी फांदीवर विटून पांढरी पडलेली सुतळी अजून गुंडाळलेली होती.

"सोनाबाई," मी म्हटलं, "तरवडाला काटे नसतात. त्या दिवशी साहेबांच्या बोटाला चिंधीतला काटा टोचला, तो कुठला हो?"

तिनं ओटीतले खडे नीट केले. एक खडा खाली पडला होता, तो उचलला, फुंकला, पुन्हा ओटीत टाकला. मग माझ्याकडं बघून म्हणाली,

"लेबल तुमच्या सायबानं लावलं. म्या न्हाय."